गुरुवारचं तेल

१

यंत्राच्या जागी मेजावर चार भोकं उरली होती आणि त्या भोकांकडे बघत झेबो उभी होती. मी आत आलो तरी तिने मान वळवली नाही.

"उस्ता, तुम्ही काल पाहिलं होतंत ना?" एवढंच तिने विचारलं.

पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, जाता जाता त्याच्यावरून हातही फिरवला होता. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याची, ओदिलची बरसी होती. कोकंदची आमची सगळी बूटवाल्यांची गल्ली पुलाव खायला त्या अंगणात लोटली होती. मीही होतो. पुलावात गाजर जास्त आणि मांस कमी होतं, पण मेलेल्याच्या जेवणाला नावं ठेवू नयेत म्हणून मी गप्प खाल्लं. निघताना कारखान्यात डोकावलो, तेव्हा ते हिरवं यंत्र मेजावर होतं.

बुटाचं कातडं शिवायच्या आधी त्याची कड तासून पातळ करावी लागते. नाही केली तर दुमडलेली शिवण जाड होते आणि घालणाऱ्याचा घोटा सोलून काढते. ती कड तासणारं यंत्र हे. ओदिलने ते जुनंच विकत घेतलं होतं, आणि घ्यायच्या आधी तपासायला मलाच बोलावलं होतं. तपासणी हाच माझा धंदा, म्हणून सगळे मला उस्ता म्हणतात. जुन्या यंत्राचं खरं काय ते सांगतो, त्यामुळे विकणारा शिव्या देतो, आणि घेणाऱ्याला वाटतं मी विकणाऱ्याला मिळालोय. ओदिल गेल्यावर त्या यंत्रावर झेबो बसायची. गल्लीतल्या अर्ध्या बुटांच्या कडा तिच्या हातून जायच्या.

"बोल्ट नीट पान्याने सोडवलेत," मी खाली वाकून म्हणालो. गुडघे कुरकुरले. "आणि मोटरचा पट्टा?"

झेबोने भिंतीकडे बोट दाखवलं. पट्टा गोल वळून खिळ्याला टांगला होता, ओदिल टांगायचा तसाच. जमिनीवर आठवडाभराची कातडी कातरण पसरली होती आणि त्यातून मेजापासून दारापर्यंत एक रुंद वाट साफ झाली होती. दाराबाहेर अंगणाच्या विटा झाडून लख्ख होत्या. ओदिलची आई, कुमरी खाला, उजाडायच्या आत अंगण झाडते. जग बुडालं तरी झाडेल.

तेवढ्यात ओदिलचा धाकटा भाऊ बोतिर पोलिसांना घेऊन आला. तासाभरात त्यांनी झेबोच्या भावाला, एल्योरला, त्याच्या व्हॅनसकट उचललं.

२

एल्योरला का धरलं, ते सांगतो. झेबो ताश्कंदला जायला निघाली होती. तिथे तिच्या मावसबहिणीचा बुटांचा कारखाना आहे. कड तासणारी बाई हवी होती, यंत्र आपलं आणलं तर राहायला खोलीही मिळणार होती. झेबो आणि तिची पाच वर्षांची साबो, दोघींची सोय. पण बोतिरचं म्हणणं, यंत्र घराचं आहे, बाईचं नाही. मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे आमचे थोर म्हातारे, म्हणाले होते की बरसी होऊन जाऊ दे, मग निकाल देऊ. आणि बरसीच्याच संध्याकाळी एल्योर रजईत गुंडाळलेलं काहीतरी जड ओझं व्हॅनमध्ये ठेवताना शेजारणीने पाहिला.

"देग होती ती," झेबो म्हणाली. आम्ही त्याच रिकाम्या मेजाशी बसलो होतो. "आमची आई आजारी आहे, तिला पुलाव न्यायचा होता. गार होऊ नये म्हणून गुंडाळली. पण पुलाव खाऊन संपला, देग घासून झाली. आता काय दाखवणार?"

"त्याने नेलं नाही ना?" मी विचारलं. आमच्यात असं विचारणं बरं दिसत नाही, पण विचारलं.

"नेलं असतं तर तिकडे कोठडीत खोकत बसला असता का? त्याची छाती आधीच अशी. मला तर आता यंत्रही नको, उस्ता. तो सुटू दे."

बोतिरला मी फाटकाशी गाठलं. वसंतात रशियाला जातो, थंडीत परत येतो, खांदे बैलासारखे.

"तुलाच ते हवं होतं," मी म्हटलं.

"हवं होतं म्हणून तर पोलिसांत गेलो. चोर कधी स्वतः फिर्याद देतो का?"

"हुशार असेल तर देतो."

तो हसला नाही. "आईसाठी म्हणत होतो मी. मी इथे नसतो. वहिनी गेली, पोरगी गेली, मग ही म्हातारी चार भिंतींशी बोलणार? यंत्र असलं तर वहिनी राहील, एवढंच माझं गणित. तुम्हाला काय सांगायचं, परवाच कोळशाचं अख्खं पोतं आणून टाकलं तिच्यासाठी. गॅसचा काही भरवसा नाही."

मग मी कुमरी खालाकडे गेलो. अंगणापलीकडे समोरासमोर तिची खोली. खोलीच्या मध्यावर जमिनीत खड्डा, खड्ड्यात निखारे, वर बुटकं मेज आणि मेजावर जाड रजई. ही संदली. पाय आत सोडून बसलं की कमरेपर्यंत ऊब येते. दर हिवाळ्यात माझे गुडघे तिनेच वाचवले आहेत. त्या दिवशी खाला शाल लपेटून भिंतीशी बसली होती.

"पाय घालू नकोस रे, असरोर. गार आहे," ती म्हणाली. "काल दिवसभर माणसं. निखारे करायला कोणाला सवड होती?"

"रात्री काही ऐकलंत?"

"मी म्हातारी. झोपले की मेले." तिने डोळे पुसले. "त्या पोराला सोडतील ना?"

"यंत्र सापडलं तर."

 साबो आली आणि तिच्या मांडीत शिरून बसली. खाला तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मला वाईट वाटलं आणि मी उठलो.

दोन दिवसांनी इन्स्पेक्टर कासिमोवचा निरोप आला. यंत्र सापडलं होतं.

३

चौकीच्या मागच्या खोलीत ते एका टेबलावर ठेवलं होतं. तोच हिरवा रंग, तीच जात, नंबराची पट्टी मात्र कानशीने घासून काढलेली. बाजारातल्या एका जुन्या मालवाल्याकडे सापडलं. पांढऱ्या व्हॅनमधून आलेल्या माणसाने विकलं, असं तो म्हणे. आमच्या गावात पांढऱ्या व्हॅन चिमण्यांइतक्या आहेत, पण ते कोणी ऐकून घेईना.

"हेच आहे," बोतिर म्हणाला.

झेबो जवळ गेली, लांब झाली. "तसंच दिसतंय," ती म्हणाली. तिच्या एका शब्दावर भाऊ आत जाणार होता, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

कासिमोव माझ्याकडे वळला. "तुमच्या हाताखालचं यंत्र आहे, उस्ता. हो म्हणा, सही करा, चहा पिऊ."

"चहा आधी," मी म्हटलं, "आणि कातड्याचा एक तुकडा. आणि घाई करणार असाल तर दुसरा माणूस बघा."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण चहा मागवला.

जुनं यंत्र तपासताना आधी वीज लावायची नाही. हाताने चाक फिरवायचं आणि ऐकायचं. मी फिरवलं. दांड्यात थोडा ढिलेपणा, फार नाही. मग पातं पाहिलं. या यंत्राचं पातं वाटीसारखं गोल असतं, फिरता फिरता कातडं कापतं. धार लावताना झिजत झिजत ते आखूड होतं, आणि झिजेल तसं पुढे सरकवायचं असतं. इथे ते इतकं झिजलं होतं की पुढे सरकायला जागाच उरली नव्हती.

"झेबोच्या यंत्राला मी वसंतात नवं पातं बसवलंय," मी म्हणालो. "हे तर मेलेलं आहे."

"चोराने नवं काढून विकलं असेल," कासिमोव म्हणाला.

"असेल."

मग वीज लावून कातड्याचा तुकडा आत सरकवला. कड तासून बाहेर आली, स्वच्छ, गुळगुळीत. मी ती खिडकीशी धरून पाहिली. मग खाली बसून पायातला बूट काढला.

"हे काय करताय?" कासिमोवने नाक मुरडलं.

"ओदिलने शिवलेला बूट आहे. इकडे बघा, जिभेच्या कडेला, मागून. बोट फिरवा. केसाएवढी उभी रेघ लागते?"

त्याने नाखुशीने बोट फिरवलं. लागली.

"कातड्यात एकदा खिळा राहून गेला होता. यंत्रात कातडं वरून दाबून धरणारा जो दाब असतो, त्यावर त्याने चर पडला. तेव्हापासून तासलेल्या प्रत्येक कडेवर ही रेघ उमटते. मी दाब बदलायला शंभरदा सांगितलं. ओदिल म्हणायचा, उस्ता, बुटाच्या आत कोण बघतंय. आता हा तुकडा बघा. यावर रेघ नाही."

झेबोने तुकडा माझ्या हातून घेतला. तिची बोटं कडेवरून दोनदा गेली.

"दाबही बदलता येतो," कासिमोव म्हणाला.

"येतो," मी कबूल केलं.

"मग झालं तर. करा सही."

त्याने लेखणी माझ्यापुढे धरली.

४

मी लेखणी घेतली नाही. यंत्र उजेडाकडे वळवलं आणि त्याच्या डोक्यावर नाक टेकवलं. बोतिर म्हणाला, "उस्ताचं डोकं फिरलं."

"बदलता येणारं सगळं बाजूला ठेवा, साहेब," मी म्हणालो. "पातं, दाब, रोलर, मी काहीच धरत नाही. नुसता सांगाडा बघा. बोतिर, तुझी आई गुरुवारी काय करते?"

"काय करते म्हणजे? सगळ्यांच्या आया करतात तेच. तेल तापवते, चालपाकाच्या पातळ पुऱ्या तळते. मेलेल्यांना तळणाचा वास पोचावा म्हणून."

"आणि तळून झाल्यावर?"

तो थांबला. "यंत्राला बोट लावते."

"सरकीच्या गरम तेलाचं बोट, यंत्राच्या डोक्यावर, पिराच्या नावाने. तुझा बाप होता तेव्हापासून, जे यंत्र घरात असेल त्याला. ओदिलने त्याचं यंत्र घेतलं त्या आठवड्यापासून त्यालाही. मी तिच्याशी दर वेळी भांडलोय. यंत्राचं तेल सुकत नाही, सरकीचं सुकतं. थरावर थर चढून पिवळा, खरखरीत गोळा झालाय तिथे. खरवडून काढायचा तर रंगही सोलून निघेल, खालचं लोखंड दिसेल." मी कासिमोवचं बोट धरून यंत्राच्या डोक्यावर ठेवलं. "इथे यंत्र बनलं तेव्हाचा मूळ रंग आहे. एकच थर, कुठे ओरखडा नाही. हे यंत्र कुणाचं तरी असेल. कुमरी खालाच्या घरातलं नाही."

झेबो खुर्चीत बसली. "तो डाग," ती म्हणाली. "हो. तो डाग नाही."

बोतिरने बराच वेळ यंत्राकडे पाहिलं. "हे नाही," तो शेवटी म्हणाला. एवढं मात्र मानावं लागेल, म्हणाला.

कासिमोवने कागद दुमडला. त्याला राग आला होता, पण माणूस अगदीच वाईट नव्हता. "ठीक आहे. हे नाही. पण त्याने एल्योर सुटत नाही. रजईत गुंडाळून ओढत नेलेलं दिसतंय, रजईतलं ओझं त्याच्याजवळ होतं. मंगळवारी प्रकरण कोर्टात जाईल. त्याआधी खरं यंत्र आणा, नाहीतर मला शिकवू नका."

बाहेर धुकं दाटलं होतं. झेबो भावाला आत डबा देण्यासाठी रांगेत उभी राहिली. मी एकटाच चालत घरी निघालो आणि सारखा एकच शब्द कानात वाजत राहिला. ओढत नेलेलं.

५

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गल्लीभर तळणाचा वास सुटला होता. मी कुमरी खालाकडे गेलो, तेव्हा झेबो पुन्हा चौकीच्या रांगेत गेली होती आणि साबो शेजारी खेळत होती. गॅस पार मेला होता. खाला अंगणात पऱ्हाट्या पेटवून त्यावर कढई ठेवून बसली होती.

"बस," ती म्हणाली. "गरम गरम खा."

चौकीत काय झालं ते मी सांगितलं. तिने चालपाक उलटला.

"म्हणजे ते आमचं नाही."

"नाही."

"माझ्या तेलामुळे कळलं?"

"तुमच्या तेलामुळे. आजपर्यंत भांडलो, ते परत घेतो."

ती जराशी हसली, मग ते हसू गेलं. शेवटचा चालपाक काढल्यावर ती थोडा वेळ कढईकडे पाहत राहिली. मग वाटीत थोडं तेल घेतलं, उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. परत आली तेव्हा शालीच्या टोकाला बोट पुसत होती.

मला वाटलं, दुवा मागायला गेली असेल. रिकाम्या मेजासमोर कशी मागणार? मी चालपाक संपवला, चहा घेतला, निरोप घेतला. फाटकाशी आलो आणि पोत्याला अडखळलो.

कोळशाचं पोतं. बोतिरने बरसीच्या आधी आणलेलं. तोंडाचा दोरा अजून तसाच शिवलेला.

मी तिथेच उभा राहिलो. माझे गुडघे थंडीने ठणकत होते, आणि त्या ठणक्यातच सगळं जुळत गेलं. ते यंत्र पिठाच्या पोत्याच्या निम्म्या वजनाचं. एल्योर ते खांद्यावर टाकून नेईल. बोतिर काखेत मारून नेईल. कातरणातून रजईवर ओढत कोण नेईल? ज्याला उचलता येत नाही तो. म्हणजे एखादी बाई. झेबो असती तर भाऊ कोठडीत खोकत असताना गप्प बसली नसती. पट्टा ओदिलसारखा गोल वळून खिळ्याला अडकवणारा हात या घरातलाच. तेलाची वाटी घेऊन खाला आज कारखान्यात नाही, आपल्या खोलीत गेली. आणि गॅस नाही, थंडी हाडात शिरलीय, कोळसा दारात पडलाय, तरी या म्हातारीच्या संदलीत निखारा नाही.

निखारे ठेवायला तिथे जागाच नव्हती.

मी मागे वळलो.

६

न विचारताच तिच्या खोलीत शिरलो, संदलीशी बसलो आणि पाय रजईखाली घातले. रजईच्या कडेला, हाताने उचलतात त्या जागी, तेलाचा ताजा डाग होता.

"अरे गार आहे ती," खाला दारातून म्हणाली.

माझा पाय लोखंडाला लागला. मी तो तिथेच ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मला कळलं. ती हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली.

"बोल्ट कसे सोडवलेत?" मी विचारलं. काय विचारावं ते सुचत नव्हतं.

"चाळीस वर्षं या घरात बूटच केलेत. पाना धरता येत नाही होय?" तिने हात शालीत घेतले. "उचलायची ताकद नाही राहिली. रजईवर घेतलं, उंबऱ्यावरून ओढलं. खड्ड्यात घालताना बोटं चेमटली." तिने बोटं दाखवली. नखं काळी पडली होती. कढईजवळ ती काजळी असेल असं मला वाटलं होतं.

"एल्योर कोठडीत आहे, खाला."

"माहीत आहे मला. मला वाटलं होतं, दोन दिवस शोधतील, मग म्हणतील गेलं. यंत्र नाही तर ताश्कंद नाही. झेबो राहील. साबो राहील. त्या पोराचं कोणाच्या डोक्यात होतं? बोतिर पळत पोलिसांकडे गेला तेव्हा मी अंगण झाडत होते."

"आणि नंतर?"

"नंतर रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. मग ती पोरगी यायची, मांडीत बसायची."

मला राग आला, खूप आला. म्हातारीची दया येत होती म्हणून जास्तच आला. "तुमचा मुलगा गेला, तो अल्लाने नेला," मी म्हणालो. "तिचा भाऊ तुम्ही नेलात. तिने काय करायचं? तिने कुठे तेल लावायचं?"

तिने मान खाली घातली.

"आज तरी लावायचं नव्हतं," मी म्हणालो. "लावलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"गुरुवार होता," ती म्हणाली, जसं काही मीच खुळा आहे. "ओदिल येतो. त्याचं यंत्र जागेवर नाही, म्हणून त्याला तसंच परत पाठवू?"

मी पाय रजईखालून बाहेर काढले.

"तूच सांग तिला, असरोर. माझ्या तोंडून नाही निघणार."

"नाही सांगणार," मी म्हणालो. "मी इथे बसतो. ती येईल. तुम्ही सांगा."

आम्ही बसलो. बाहेर पऱ्हाट्या विझल्या. झेबो आली, रिकामा डबा हातात, ओठ निळे पडलेले. दारात थबकून तिने एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे पाहिलं. कुमरी खाला गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि तिने स्वतःच्या हाताने रजई वर केली.

खड्ड्यात हिरवं यंत्र आडवं पडलं होतं आणि त्याच्या डोक्यावर तेल चमकत होतं.

झेबो ओरडली नाही, रडलीही नाही. डबा तिने खाली ठेवला आणि म्हणाली, "उस्ता, चौकी बंद व्हायच्या आत जाऊ या."

७

कासिमोवने आधी मला झापलं, मग बोतिरला. यंत्र घराबाहेर गेलंच नाही, म्हणजे चोरी झालीच नाही, असं अक्सकालांनी त्याला समजावलं, आणि प्रकरण कोर्टात न जाता कपाटात गेलं. एल्योर सुटला. खोकत बाहेर आला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. बहिणीच्या सासरी त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. देगेची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही, आणि शेजारणीने तर आपण काही पाहिलंच नव्हतं असं सांगायला सुरुवात केली.

यंत्र झेबोचं, असा अक्सकालांनी निकाल दिला. बोतिरने हू की चू केलं नाही. त्यानेच ते खांद्यावर टाकून माझ्या दुकानात आणून दिलं, एका दमात, वाटेत कुठेही न थांबता.

ताश्कंदला न्यायच्या आधी झेबोला ते तपासून हवं होतं. मी दांडा पाहिला, पात्याला धार लावली, तुकडा तासून पाहिला. कडेवर केसाएवढी रेघ आली.

"नवा दाब बसवू?" मी विचारलं. "तिकडचे लोक नावं ठेवतील."

"नको. ती रेघ राहू दे." तिने तुकडा घडी करून खिशात ठेवला. मग यंत्राच्या डोक्याकडे बोट केलं. "हे मात्र काढा."

"काय?"

"ते तेल. सगळं खरवडून काढा. एक थरही ठेवू नका."

इतकी वर्षं मी हेच मागत आलो होतो. पातळ पाती घेतली आणि खरवडायला बसलो. पिवळे, कडक टवके निघत गेले, त्यांच्याबरोबर रंगही निघाला. झेबो समोर उभी राहून बघत होती. शेवटी हाताच्या तळव्याएवढं उघडं लोखंड राहिलं. गंजू नये म्हणून मी त्यावर यंत्राचं तेल चोळलं. ती म्हणाली, ठीक आहे.

निघताना साबो आजीच्या गळ्यात पडली आणि सुटेना. बोतिरने तिला सोडवलं. झेबोने सासूच्या हाताला हात लावला, रीत म्हणून, आणि फाटकाबाहेर थांबलेल्या एल्योरच्या व्हॅनमध्ये बसली. कुमरी खालाने गाडीच्या मागे वाडगाभर पाणी ओतलं, जाणारा सुखरूप परत यावा म्हणून ओततात तसं.

पुढच्या गुरुवारी मी तिच्याकडे गेलो. जायचं नव्हतं, पण वासाने पाय वळले. ती पऱ्हाट्यांच्या जाळावर तळत होती. तळून झाल्यावर तिने वाटीत तेल घेतलं आणि कारखान्यात गेली. या वेळी दार लोटलं नाही. मी उंबऱ्यापाशी उभा होतो. तिने रिकाम्या मेजाच्या चारही भोकांना, एकेक करून, तेलाचं बोट लावलं.

 लाकडाला सरकीचं तेल लावलं तर लाकडाचं काही बिघडत नाही.

"ये," ती म्हणाली. "पाय शेक. तुझे गुडघे दुखत असतील."

संदलीत तिने भरपूर कोळसा घातला होता. रजई इतकी गरम झाली होती की हात ठेववत नव्हता. मी एका बाजूला बसलो, ती समोरच्या बाजूला. उरलेल्या दोन बाजू रिकाम्या होत्या. तिने तिथेही एकेक चालपाक वाढून ठेवला.